मोजदाद : राजधानीची हवा, राजधानीची पाखरे आणि आपण

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून पर्यावरणाचा विषय निघाला की श्रोत्यांच्या मनात पहिली भीती उभी राहते ती उपदेशाची. ती आम्ही प्रारंभीच दूर करू इच्छितो. झाडे लावा, पाणी जपा, फटाके वाजवू नका, यांपैकी एकही वाक्य आमच्या तोंडून आज निघणार नाही. आम्हांस बोलावयाचे आहे ते केवळ मोजण्याविषयी. या शहरात कोणी काय मोजले, मोजून हाती काय लागले, आणि मोजणीच्या कामी यंत्राची बुद्धी येऊन दाखल झाल्यावर माणसाच्या वाट्यास काय उरते, एवढाच आजचा विषय. त्यास 'नागरिक विज्ञान' आणि 'कृत्रिम बुद्धिमत्ता' अशी भारदस्त नावे आहेत. परंतु दुधाच्या रतीबाचा हिशेब दिनदर्शिकेवर रोजच्या रोज मांडणाऱ्या घरांत आपण वाढलो आहोत. या नावांनी बिचकण्याचे आपणांस कारण नाही.

आरंभ एका जुन्या आकड्याने करू. १९७१ साली 'आयबिस' या पक्षिशास्त्राच्या ब्रिटिश नियतकालिकात गालुशिन नामक सोव्हिएत शास्त्रज्ञाचा एक निबंध प्रसिद्ध झाला. दिल्लीच्या सुमारे दीडशे चौरस किलोमीटर क्षेत्रात किती शिकारी पक्षी घरटी करतात, हे त्याने पाहिले होते. घारींच्या सुमारे २,४०० जोड्या त्यास आढळल्या, आणि पांढऱ्या पाठीच्या गिधाडांच्या सुमारे ४००. एका राजधानीच्या शहरात एवढे शिकारी पक्षी नांदतात, याचे त्यास इतके नवल वाटले की निबंधाच्या मथळ्यातच त्याने ते नोंदवून ठेवले. आपल्यांपैकी जे ज्येष्ठ त्या काळी नोकरीनिमित्त पहाडगंज-करोलबागेत बिऱ्हाड थाटून राहिले होते, त्यांस त्या गिधाडांचे मुळीच नवल वाटले नसेल. जे रोज दिसते त्याचे नवल कोणास वाटते?

आज ती गिधाडे दिल्लीतून नाहीशी झाली आहेत. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली. म्हणजे हजारांमागे एक उरले. ही घट प्रथम ध्यानात आली ती भरतपूरच्या केवलादेव उद्यानात. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांनी तेथील गिधाडे आधीही मोजली होती आणि नंतरही मोजली, म्हणून ती ध्यानात आली. गुरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाते आणि त्यांचे मूत्रपिंड निकामी करते, हा उलगडा २००४ साली झाला. २००६ साली त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर आपल्या देशात बंदी आली. तोवर व्हायचे ते होऊन गेले होते.

या कथेतील खरी मेख औषधात नाही. हा पक्षी इतका सर्वत्र होता की त्याची मोजदाद करावी असे फारसे कोणाच्या मनात आले नाही. दुर्मिळ पाखरू दिसले की वहीत त्याची नोंद होते, मित्रांस पत्र जाते. कावळा, चिमणी, गिधाड यांच्यासाठी कोण पेन्सिल उचलतो? दिल्लीपुरते पाहू जाता, गालुशिनाने त्या वर्षांत ते काम केले नसते तर 'पूर्वी येथे पुष्कळ गिधाडे असत' एवढीच आठवण उरली असती, आणि आठवणींवर सरकारे औषधे बंद करीत नाहीत. घारींच्या बाबतीत अगदी उलट घडले. अलीकडच्या वर्षांत संशोधकांनी दिल्लीतील घारींची घरटी पुन्हा मोजली, तेव्हा त्यांची दाटी जवळजवळ पूर्वीइतकीच भरली. दोन पक्षी, एकच शहर, आहारही बराचसा सारखा. एक नाहीसा झाला, दुसरा टिकला. जुना आकडा हाती नसता तर हा भेद आपणांस दिसलाच नसता.

दिल्लीस पक्षिनिरीक्षणाची परंपरा मोठी आहे आणि ती बहुतांशी हौशी मंडळींनी चालविलेली आहे. १९२६ साली बेझिल-एडवर्ड्स यांनी दिल्लीच्या पक्ष्यांवर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहिला. १९५० साली दिल्ली बर्डवॉचिंग सोसायटी स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत गांधीजींचे क्वेकर स्नेही होरेस अलेक्झांडर हे होते. इंदिरा गांधी या तिच्या सभासद होत्या, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. याच वर्तुळातील उषा गांगुली यांचा 'अ गाइड टू द बर्ड्स ऑफ द दिल्ली एरिया' हा ग्रंथ १९७५ साली, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाला. दिल्ली परिसरातील सुमारे चारशे जातींची त्यांत नोंद आहे. आज कोणी 'पूर्वी दिल्लीत काय होते' असा प्रश्न केला तर जाणकार अजूनही प्रथम तोच ग्रंथ उघडतात. गुरुग्रामजवळचे सुलतानपूरचे तळे १९७० च्या दशकाच्या आरंभी अभयारण्य झाले, त्यामागे पीटर जॅक्सन या पत्रकार-पक्षिमित्राने इंदिराजींकडे केलेला पाठपुरावा होता. २०२१ साली ते रामसर यादीत गेले.

तथापि प्रत्येक तळ्याचे नशीब सारखे नसते. त्याच गुरुग्रामला लागून बसईची पाणथळ जागा आहे. पक्ष्यांच्या दृष्टीने महत्त्वाचे स्थळ म्हणून 'बर्डलाइफ' या आंतरराष्ट्रीय संस्थेने तिची गणना केली. परंतु अशा गणनेस कायद्याचे कवच नसते. तेथील बांधकामाविरुद्ध पक्षिनिरीक्षकांना राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाची पायरी चढावी लागली. अशा ठिकाणी भावनेचे मोल थोडे असते. किती वर्षे, किती जाती, कोणत्या महिन्यात किती पक्षी, हेच तेथे विचारले जाते, आणि उत्तर द्यावयाचे ते कोणाच्या तरी रविवारच्या वहीतून.

आता यांत आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. नोएडात ज्यांनी सदनिका घेतल्या त्यांस आम्ही ओखल्याची आठवण करून देतो. १९९० साली घोषित झालेले ओखला पक्षी अभयारण्य अवघे चार चौरस किलोमीटरांचे. त्याच्याभोवती संवेदनशील पट्टा किती असावा हे बराच काळ ठरलेच नव्हते. २०१३ च्या ऑक्टोबरात हरित न्यायाधिकरणाने त्याच्या दहा किलोमीटर परिघातील बांधकामांवर निर्बंध घातले, आणि हजारो कुटुंबे भाडे आणि कर्जाचा हप्ता एकाच वेळी भरीत ताटकळत राहिली. २०१५ च्या ऑगस्टमध्ये तो पट्टा तीन बाजूंनी केवळ १०० मीटर आणि उत्तरेकडे सव्वा किलोमीटरपर्यंत, असा ठरला. दहा किलोमीटर आणि शंभर मीटर! या दोन आकड्यांच्या मधे कोठेतरी शास्त्रीय उत्तर असावयास हवे होते. ते पाणी उपसणारे कोण, उतरणारे पक्षी किती, आवाजाने आणि उजेडाने ते कोठवर बुजतात, याची वर्षानुवर्षांची मोजणी समोर असती तर पाखरांचाही निवाडा बरा झाला असता आणि हप्ते भरणाऱ्यांचाही, असे आमचे मत आहे.

अशी मोजणी आता होऊ लागली आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशास्त्र प्रयोगशाळेने ऑड्युबॉन सोसायटीसह २००२ साली 'ई-बर्ड' नावाची सार्वजनिक नोंदवही सुरू केली. कोणीही, कोठूनही, तींत आपण पाहिलेल्या पक्ष्यांची यादी लिहावी. तिची अट मात्र मोठी मार्मिक आहे. कोठे, किती वाजता, किती वेळ आणि किती चाललात हे आधी सांगा. आणि ओळखता आलेले सगळे पक्षी लिहा, आवडते तेवढेच नव्हे. सगळे लिहिले की जे लिहिले नाही ते दिसले नाही, हीही नोंद होते. हजारो लोकांच्या याद्यांत एखादा पक्षी शंभरांपैकी साठांत दिसे आणि दहा वर्षांनी तीसांतच दिसू लागला, की काहीतरी बिघडले आहे हे कळते. गिधाडांच्या वेळी नेमके हेच कमी पडले होते.

भारतातील अशा नोंदींवरून 'स्टेट ऑफ इंडियाज् बर्ड्स' हा अहवाल २०२० साली आणि पुन्हा २०२३ साली निघाला. दुसऱ्या अहवालास तीस हजारांहून अधिक निरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदींचा आधार होता. ज्या ३३८ जातींचा दीर्घ पल्ल्याचा कल सांगता आला त्यांपैकी २०४ घटलेल्या, ९८ स्थिर आणि ३६ वाढलेल्या निघाल्या. वाढलेल्यांत मोर आहे. आणि २०१२ पासून दिल्लीचा राज्यपक्षी असलेली चिमणी? देशभराचा विचार करता ती बरीचशी स्थिर आहे, मोठ्या शहरांतून मात्र तिने पाय काढता घेतलेला आहे, असे या नोंदी सांगतात. 'चिमण्या संपल्या' असा हळहळीचा सूर आपल्या स्नेहसंमेलनांतून ऐकू येतो. तो शहरापुरता खरा आहे, गावापुरता नाही.

येथे यंत्राचा प्रवेश होतो. तीन कोटी नोंदी माणसाने वाचावयाच्या म्हटल्या तर पिढ्या जातील. यंत्र त्या चाळते, 'या महिन्यात या जागी हा पक्षी असंभव' असे वाटले की बाजूस काढते, आणि त्या त्या प्रदेशातील जाणता स्वयंसेवक त्यावर अखेरचा शब्द देतो. ही वाटणी आम्हांस फार शहाणपणाची वाटते. त्याहून चमत्कारिक कला म्हणजे आवाज ओळखण्याची. कॉर्नेलच्या 'मर्लिन' या मोबाइलवरील साधनात २०२१ पासून ही सोय आली. जर्मनीतील केम्निट्स विद्यापीठाच्या सहकार्याने झालेले 'बर्डनेट' हेही तेच काम करते. यंत्रास कान नाहीत. ते आवाजाचे चित्र करते: आडव्या रेषेवर काळ, उभ्या रेषेवर स्वराची उंची, आणि गडद-फिकट छटांत त्याचा जोर. मग हजारो लोकांनी पूर्वी ध्वनिमुद्रित करून नावे घातलेल्या चित्रांशी ते चित्र ताडून पाहते. थोडक्यात, ज्यास आपण यंत्राची बुद्धी म्हणतो ती असंख्य निनावी हौशी माणसांच्या पहाटेच्या जागरणाची साठवण होय.

पावशाचेच उदाहरण घ्या. मृगाच्या तोंडावर महाराष्ट्रातील शेतकऱ्यास तो 'पेरते व्हा' म्हणून सांगतो. तोच पक्षी दिल्लीच्या रिजवर ओरडू लागला की आपला हिंदीभाषी शेजारी 'पी कहाँ' ऐकतो आणि विरहाने व्याकुळ होतो. साहेबाने त्याच ओरडण्यात 'ब्रेन फीव्हर' ऐकले आणि डोके धरले. यंत्र यांतील काहीच ऐकत नाही. ते चढत जाणारी तीन-तीन टिंबे पाहते आणि नाव सांगते. पेरणीची घाई आणि विरह ही ज्याची त्याची पुंजी. परंतु आपल्या येथे वाढलेल्या नातवंडांस 'पावशा' हा शब्द यंत्र देणार नाही, तो आजीनेच द्यावयाचा आहे. दयाळ, हळद्या, तांबट, वेडा राघू, भारद्वाज हे सारे दिल्लीत आहेत; आमच्या घरांतून नाहीशी होत चालली आहेत ती त्यांची नावे.

यंत्र चुकते तेव्हा मात्र मोठ्या आत्मविश्वासाने चुकते. खाटीक पक्षी इतरांच्या बोलीची हुबेहूब नक्कल करतो. यंत्र त्या नकलेस फसून भलत्याच पक्ष्याचे नाव सांगू शकते. म्हणून डोळ्यांनी पाहिल्यावाचून यंत्राने सुचविलेले नाव यादीत घालू नये, हा जाणकारांचा दंडक आहे.

पाखरांकडून हवेकडे वळू, कारण या सभागृहातील प्रत्येक घरात दिवाळीनंतर खोकला असतो. आपणांस अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे दिल्लीच्या हवेचा अंदाज वर्तविण्याची विद्या पुण्याहून आली. १९६२ साली पुण्यात स्थापन झालेल्या आणि आज पाषाण येथे असलेल्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी 'सफर' ही यंत्रणा दिल्लीत उभारली. २०१८ साली त्याच संस्थेने दिल्लीसाठी पूर्वसूचनेची व्यवस्था केली. पुढील काही दिवस हवा कशी राहील हे तीमुळे आधी सांगता येते.

रोज वर्तमानपत्रांत येणारा हवेचा निर्देशांक २०१५ च्या एप्रिलपासून सुरू झाला. तो सरासरी नव्हे, हे ध्यानात ठेवावे. आठ प्रदूषकांपैकी जो सर्वांत वाईट, त्याचा आकडा तोच त्या जागेचा आकडा. दहावीच्या गुणपत्रिकेवर सर्वांत कमी गुणांचाच विषय छापावा तसे हे आहे. आणि आरोग्याच्या दृष्टीने ते योग्यही आहे. हा निर्देशांक ५०० वर थांबतो. खाजगी साधने परदेशी मोजपट्टी वापरून त्यापुढचे आकडे दाखवितात, आणि मग 'सरकार लपविते' की 'मोबाइल घाबरवितो' असा वाद जेवणाच्या टेबलावर रंगतो. वस्तुतः दोन्ही आपापल्या पट्टीने खरे असू शकतात. सूक्ष्म धूलिकणांची, म्हणजे पीएम २.५ ची, आपली चोवीस तासांची मर्यादा घनमीटरास ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ती १५ ठरविली. पट्टी कोणती हे विचारल्यावाचून आकड्यावर भांडू नये.

आता अनेक घरांत लहान स्वस्त मापक आले आहेत. त्यांच्या आत एक प्रकाशशलाका असते. तीतून जाणाऱ्या कणांनी प्रकाश किती विखुरला यावरून ते आकडा काढतात. पौषातल्या धुक्यात कण पाणी पिऊन फुगतात आणि मापक वाजवीपेक्षा अधिक सांगतो. येथे गणनयंत्राची बुद्धी खरी उपयोगी पडते. स्वस्त मापक काही काळ सरकारी केंद्राच्या भारी यंत्राशेजारी ठेवावयाचा. आर्द्रता, तापमान आणि दोहोंतील फरक यांचा धडा यंत्राने शिकावयाचा. मग गल्लीतल्या मापकाचा आकडा दुरुस्त करून घ्यावयाचा. असे केल्यावर, दोन सरकारी केंद्रांमधल्या ज्या वस्तीचा आकडा आजवर केवळ अनुमानाचा होता, तिला तिचा स्वतःचा आकडा मिळतो. ज्या आईचे मूल दम्याने रात्रभर बसून काढते तिला शहराची सरासरी नको असते. आपल्या गल्लीत सकाळी सात वाजता, शाळेची बस येते तेव्हा, काय आहे हे हवे असते.

आकाशातल्या डोळ्यांचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. पंजाब-हरियाणातील पराळीच्या आगी उपग्रह मोजतात. मोजणीस घेतलेले प्रमुख उपग्रह दुपारी दीडच्या सुमारास वरून जातात. २०२४ च्या हंगामात संशोधकांनी एकाच जागी स्थिर राहून दिवसभर पाहणाऱ्या दुसऱ्या उपग्रहाची चित्रे तपासली, तेव्हा पुष्कळशा आगी त्या वेळेनंतर लागतात असे दिसले. कागदोपत्री आगी घटल्या, धूर होता तेथेच राहिला. शेतकऱ्यास आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा आमचा हेतू नाही. भूजल वाचविण्यासाठी पंजाबने २००९ साली केलेल्या कायद्याने भाताची लावणी पुढे ढकलली, आणि कापणी ते गव्हाची पेरणी यांमध्ये त्याच्या हाती जेमतेम दोन-तीन आठवडे उरले. पाणी मोजणाऱ्याने धूर मोजला नव्हता. परंतु उपग्रहाने न पाहिलेली ती संध्याकाळची आग त्या गावच्या शाळेतील कोणत्याही मुलाने पाहिली असणार, हेही तितकेच खरे.

शेवटी नकाशातल्या पांढऱ्या जागांविषयी. दिल्लीतील पक्ष्यांच्या याद्या ओखला, सुलतानपूर, लोदी उद्यान अशा ठिकाणी दाटलेल्या असतात, कारण दुर्बीण असलेली माणसे तेथे जातात. जेथे कोणी जात नाही तेथे नकाशा कोरा, आणि कोऱ्या कागदावर शिकलेले यंत्र त्या जागेविषयी काय सांगणार? आता आपल्या मंडळाची सभासद-सूची उघडून पाहा. करोलबाग, मयूर विहार, रोहिणी, द्वारका, गाझियाबाद, फरीदाबाद, नोएडा, गुरुग्राम! एखाद्या संशोधन संस्थेस अनुदान देऊनही इतकी विखुरलेली निरीक्षक मंडळी मिळावयाची नाहीत. गणेशोत्सवाची वर्गणी जमविताना आपण ज्या विखुरलेपणास कंटाळतो तोच येथे गुण ठरतो.

दरवर्षी फेब्रुवारीच्या मध्यास जगभर चार दिवसांची परसातील पक्षिगणना होते. २०१३ पासून भारतही तींत आहे. तीस दुर्बीण लागत नाही, पदवी लागत नाही. आपल्या सज्जात निदान पंधरा मिनिटे बसावे आणि दिसेल ते सर्व लिहावे. येत्या गणनेसाठी कार्यकारिणीने एक वही घातली आहे. तीत दिनांक, वेळ कोठून कोठवर, ठिकाण, पक्ष्याचे मराठी नाव आणि संख्या असे रकाने आखले आहेत. मोबाइलवर भरणाऱ्यांनी मोबाइलवर भरावे, बाकीच्यांच्या नोंदी आपली तरुण मंडळी चढवितील. काहीच दिसले नाही तर तसे लिहावे. वही ग्रंथालयाच्या कपाटाशेजारी ठेवली असून पेन्सिल तिला दोऱ्याने बांधलेली आहे, ती कृपा करून कोणी घरी नेऊ नये.